युरोपीय विद्यापीठातील प्रवेश आणि आपल्या महाविद्यालयाची कागदपत्रे : ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील महाविद्यालयांत तृतीय वर्षाला शिकविणाऱ्या प्राध्यापकास डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास एक अनुभव हमखास येतो. तास संपल्यावर एखादा विद्यार्थी रेंगाळतो आणि 'जर्मनीला अर्ज करतोय, एक पत्र हवं होतं' असे संकोचाने सांगतो. परदेशी शिक्षण हा विषय पूर्वी आपल्याकडे प्रामुख्याने अभियांत्रिकीच्या पदवीधरांचा आणि अमेरिकेपुरता मर्यादित मानला जाई. आता विचारणा करणाऱ्यांत बी. ए., बी. एस्सी. आणि बी. कॉम.चे विद्यार्थी असतात. त्यांतील काही शहापूर, मुरबाड, बदलापूरहून येणारे आणि घरातील पहिलेच पदवीधर असतात. जर्मनीकडे ओढा असण्याचे कारण उघड आहे. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो शुल्क लावले आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ पासून त्याहून अधिक शुल्क सुरू केले. हे अपवाद लक्षात ठेवावे लागतात.

या अर्जाविषयी विद्यार्थ्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. स्थानकाबाहेरील फलकांवरही ते दिसतात. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र प्राध्यापकांकडे आहे. विद्यार्थ्याच्या अर्जात पारपत्र, पैसा आणि भाषेचे प्रमाणपत्र ही त्याची बाजू असते. गुणपत्रक, अभ्यासक्रमाचे वर्णन, श्रेयांकांचा हिशेब आणि शिफारसपत्र ही दुसरी बाजू आपण तयार करतो. तेथील प्रवेश समिती आपल्याला ओळखत नाही. तिच्यापुढे असतात ते फक्त आपण सही केलेले कागद.

अशा अर्जांची परंपरा आपल्याला नवी नाही. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजे पुढे डॉ. आनंदीबाई जोशी, १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या. युरोपचा विचार केला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव दाखल केले होते. त्यासाठी त्यांनी आपले जीवनवृत्त जर्मन भाषेत लिहून दिले होते. तेथील अभ्यास पुरा झाला नाही. त्यांची डी. एस्सी. लंडनची, १९२३ ची. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानवशास्त्राचे संशोधन करून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. ही माणसे असामान्य होती. आज अर्ज करणारा विद्यार्थी बहुधा सामान्य असतो, आणि म्हणूनच त्याच्या कागदपत्रांवर अधिक भार पडतो.

श्रेयांकांचा हिशेब

१९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर युरोपातील देशांनी पदवीची रचना एका साच्यात आणली. तिच्या मुळाशी जी श्रेयांक पद्धती आहे तिला 'ईसीटीएस' असे म्हणतात. एका शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक, म्हणून तीन वर्षांच्या पदवीचे १८०. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम. त्यात व्याख्यान, वाचन, गृहपाठ व परीक्षेची तयारी हे सर्व येते. आपल्याकडे श्रेयांक मोजला जातो तो मुख्यतः वर्गातील तासांवर. साधारण १५ तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. विद्यार्थी घरी किती वेळ बसला याची नोंद आपल्या हिशेबात नसते.

याचा परिणाम असा होतो की आपल्या पदवीधराच्या गुणपत्रकावर तीन वर्षांचे १२० च्या आसपास श्रेयांक दिसतात आणि परक्या वाचकास ते १८० पैकी १२० वाटू शकतात. विद्यार्थी दोन वर्षेच शिकला की काय, अशी शंका येणे स्वाभाविक होय. आपले ४० श्रेयांक आणि तेथील ६० श्रेयांक हे दोन्ही पूर्ण एका वर्षाचेच काम आहे, हे कोणीतरी लेखी सांगावे लागते. महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर चार ओळींचे निवेदन पुरते. पदवीचा कालावधी, एकूण श्रेयांक, एका श्रेयांकामागील तास आणि शिक्षणाचे माध्यम एवढे त्यात असावे.

तीन वर्षांची भारतीय पदवी स्वीकारावी की नाही, याविषयी सर्व विद्यापीठांचे धोरण एक नाही. काही अभ्यासक्रम ती सहज स्वीकारतात, तर काही अधिक श्रेयांक मागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. त्यामुळे एकाच महाविद्यालयातून दोन प्रकारचे पदवीधर बाहेर पडतील आणि हे निवेदन अधिकच आवश्यक होईल.

खरी अडचण पुढची आहे. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम एकूण श्रेयांकांपेक्षा विषयनिहाय श्रेयांक तपासतात. अर्थशास्त्राच्या एम. एस्सी.साठी गणित, संख्याशास्त्र, अर्थमिती यांचे ठरावीक श्रेयांक मागणे तेथे सर्रास आहे. आपल्या जुन्या बी. ए.च्या रचनेत पहिल्या वर्षी अर्थशास्त्राची एकच प्रश्नपत्रिका असे आणि बाकीचा वेळ भाषा, फाउंडेशन कोर्स व इतर विषयांत जाई. प्रस्तुत लेखिकेच्या एका विद्यार्थिनीला विचारणा आली की 'क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स' या नावाखाली नेमके काय शिकविले आणि किती तास. तिच्याकडे होते ते प्रश्नपत्रिकेचे नाव आणि मिळालेले गुण. संग्रहात शोध घेतला तेव्हा विभागाकडे चालू वर्षाचा अभ्यासक्रम होता, पण ती ज्या वर्षी शिकली त्या वर्षीचा नव्हता. दरम्यान अभ्यासक्रम बदलला होता. जुनी प्रत शेवटी एका निवृत्त सहकाऱ्यांच्या घरी, कल्याण पश्चिमेला, एका पिशवीत सापडली. तोपर्यंत मुदतीचे चारच दिवस उरले होते. तेव्हापासून आमच्या विभागात प्रत्येक वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रत, घटकनिहाय तासांसह व संदर्भग्रंथांच्या यादीसह, वेगळ्या फाइलीत ठेवली जाते.

गुणांचे रूपांतर

जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा उत्तीर्णतेचा किमान गुणांक असतो. परदेशी गुण त्यात बसविण्यासाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. सर्वोच्च संभाव्य गुणांतून मिळालेले गुण वजा करावे. त्या संख्येस सर्वोच्च व किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागावे. भागाकारास तीनने गुणून त्यात एक मिळवावा. सूत्र सोपे आहे. गोम आहे ती त्यात कोणते आकडे घालावयाचे यात.

मुंबई विद्यापीठाच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापूर्वीच्या दहा बिंदूंच्या श्रेणीपद्धतीत ८० व त्यापुढील गुणांना १० बिंदू, ७० ते ८० पर्यंत ९, ६० ते ७० पर्यंत ८ आणि उत्तीर्णतेच्या ४० गुणांना ४ बिंदू मिळत. समजा, एका विद्यार्थ्यास सर्व प्रश्नपत्रिकांत ६५ गुण आहेत. टक्केवारीने हिशेब केला तर १०० वजा ६५ म्हणजे ३५. त्यास ६० ने भागून, तिपटीत एक मिळवता उत्तर येते २.७५. श्रेणीबिंदूंनी केला तर १० वजा ८ म्हणजे २. त्यास ६ ने भागून, तिपटीत एक मिळवता येते २.० . विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका त्याच. पण जेथे २.५ ची अट आहे तेथे एका हिशेबाने तो आत आणि दुसऱ्याने बाहेर. कोणता हिशेब धरावयाचा हे तेथील विद्यापीठ ठरविते. आपण एवढेच पाहावयाचे की दोन्हींसाठी लागणारी माहिती त्याच्या हाती आहे. श्रेणींचा तक्ता गुणपत्रकाच्या मागील बाजूस छापलेला असेल, तर विद्यार्थी घाईत पुढचीच बाजू स्कॅन करतात. किमान उत्तीर्ण गुण कळले नाहीत तर समोरचा अधिकारी स्वतःच्या समजुतीने आकडा धरतो. किमान बिंदू ४ ऐवजी ५ धरला, तर वरील २.० चे २.२ होतात.

आमच्या विद्यार्थ्याला ६४ आणि ६९ यांतील फरक श्रेणीपद्धतीत मिळत नाही, याबद्दल प्रस्तुत लेखिकेची तक्रार जुनी आहे. तो विषय वेगळा.

वेळापत्रक, पैसा व परवाना

हिवाळी सत्राचे अध्यापन ऑक्टोबरमध्ये सुरू होते. अनेक अभ्यासक्रमांची अर्जाची अंतिम तारीख १५ जुलै असली, तरी इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांची पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी असते. म्हणून पाचव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रकांवर अर्ज करावा लागतो आणि अंतिम निकाल मागाहून द्यावा लागतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावरील तपासणी सुरू केली आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. त्या वर्षी परदेशी प्रवेश हाती असलेल्यांचे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे.

भारतीय अर्जदारांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी 'एपीएस' प्रमाणपत्र सक्तीचे झाले. नवी दिल्ली येथील हे केंद्र शैक्षणिक कागदपत्रांची सत्यता तपासते. अनेक विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट' या संस्थेमार्फत जातात. पहिल्या अर्जास ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढील प्रत्येक अर्जास ३० युरो पडतात. सर्वांत मोठी रक्कम 'ब्लॉक्ड अकाउंट'ची. वर्षाच्या राहण्याखाण्याचा खर्च आधीच खात्यात ठेवावा लागतो आणि तेथे गेल्यावर तो दरमहा मिळतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो झाली. एक युरो शंभर रुपये धरला तर सुमारे बारा लाख. शिक्षण 'मोफत' आहे असे ऐकून आलेल्या पालकांना हा आकडा प्रथमच कळतो तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नाही. त्यासाठी घर गहाण टाकण्याची भाषा होते, म्हणून तो पहिल्याच भेटीत सांगावा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील ७५ विद्यार्थ्यांना मिळते. 'इरास्मुस मुंडुस'च्या संयुक्त अभ्यासक्रमांसाठीही शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत स्पर्धा तीव्र असते.

तेथील अध्ययनाविषयी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या ७५ टक्के हजेरीच्या नियमात वाढलेल्या विद्यार्थ्यास तेथे बऱ्याच व्याख्यानांना कोणी हजेरी विचारीत नाही. मात्र परीक्षेसाठी नोंदणी त्याची त्याने करावयाची असते आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्याच असतात. त्या संपल्या की तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. आपल्या 'ए. टी. के. टी.'च्या सवलतीची सवय झालेल्या मुलांना हे जाण्यापूर्वीच कळलेले बरे.

शिफारसपत्र

सर्वच विद्यापीठे शिफारसपत्र मागत नाहीत. जेथे मागतात तेथे ते गांभीर्याने वाचले जाते. आपल्याकडील प्रघात असा की विद्यार्थी मसुदा आणतो आणि प्राध्यापक सही करतात. वेळ नसतो, वर्गात शंभराहून अधिक मुले असतात आणि प्रत्येकाला नावानिशी ओळखणे शक्य नसते, ही सबब खोटी नाही. प्रस्तुत लेखिकेनेही अनेक वर्षे हेच केले. एका वर्षी दोन मैत्रिणींच्या मसुद्यांवर सही केली. दोघींनी एकाच अभ्यासक्रमाला अर्ज केला होता आणि दोन्ही पत्रांतील दुसरा परिच्छेद शब्दशः एक होता. ही बाब ध्यानात आली ती दोघींना नकार आल्यावर. नकार त्या पत्रांमुळेच आला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्यांतील एकीने विचारले, 'मॅडम, तुम्ही ते वाचलं होतं ना?' या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आपली पत्रे 'अत्यंत हुशार, कष्टाळू व सुस्वभावी' अशी का होतात, याचे मूळ चारित्र्य प्रमाणपत्रात असावे. तेथे सर्वांना एकच मजकूर चालतो, कारण तो कोणी वाचीत नाही. शिफारसपत्र वाचणाऱ्यास हवे असते ते वेगळेच : आपण या विद्यार्थ्यास किती काळ व कोणत्या विषयात शिकविले, वर्गात किती विद्यार्थी होते व त्यांत याचे स्थान काय, त्याने केलेले एखादे काम, आणि जेथे तो कमी पडतो ती जागा. शेवटची बाब लिहिताना आपला हात अडतो. विद्यार्थ्याचे नुकसान होईल असे वाटते. पण सर्वगुणसंपन्न ठरविलेल्या पत्रातील खऱ्या गुणावरही विश्वास बसत नाही. आणि ज्याच्याविषयी आपल्याला काहीच लिहिता येत नाही त्याला तसे सांगून दुसऱ्या प्राध्यापकांकडे पाठविणे, हे खोटी स्तुती करण्यापेक्षा कमी निष्ठुर आहे.

गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका विद्यार्थ्यास लेखिकेने प्रथम त्याचा प्रकल्प घेऊन यावयास सांगितले. उल्हासनगरच्या बाजारातील जीन्स शिवणाऱ्या कारागिरांच्या मजुरीवरचा तो प्रकल्प होता. आकडेवारी त्याने स्वतः फिरून गोळा केली होती. विश्लेषण मात्र कच्चे होते, आणि दोन तक्त्यांतील बेरजा चुकल्या होत्या. पत्रात हे सगळे लिहिले. पाठविण्यापूर्वी बेरजांचे वाक्य ठेवू का, असे त्याला विचारले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, 'राहू द्या मॅडम, खरं आहे ते. फक्त नंतर दुरुस्त केल्या, एवढं घाला.' ते घातले.