मंदावलेल्या चित्रांची कैफियत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. ज्यांचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, त्यांना नव्या यंत्राची तजवीज करणे प्राप्त झाले. आणि नवे यंत्र घरात आल्यावर जुन्या हार्ड डिस्कवर जपून ठेवलेला तारुण्यातला एखादा खेळ त्यावर चढवून पाहणे, हेही ओघाने आलेच. ज्याच्या अंगी वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राच्या कित्येक पट सामर्थ्य आहे, त्या यंत्रावर वीस वर्षांपूर्वीचाच खेळ रखडत, अडखळत चालावा, हे पाहून सामान्य मनुष्य प्रथम चकित होतो आणि मग सारा दोष खेळाच्या वार्धक्यावर ढकलून मोकळा होतो. मला हा न्याय मान्य नाही. खेळ म्हातारा होत नसतो. त्यातले एक अक्षरही बदललेले नसते. बदललेले असते ते भोवतालचे राज्य. आणि नव्या राज्याने जुन्या सनदा मानायचे नाकारले की वतनदाराची जी अवस्था होते, तीच आज या खेळांची झाली आहे.

त्याच वर्षाच्या आरंभी याचा ढळढळीत दाखला मिळाला होता. एनव्हिडियाने जानेवारीत आरटीएक्स ५० मालिकेची ग्राफिक्स कार्डे आणली आणि कार्डाकडून हिशेब करून घेणाऱ्या कूडा या व्यवस्थेचा ३२-बिट खेळांना असलेला आधार निमूटपणे काढून घेतला. त्यामुळे मिरर्स एज, बॅटमॅन: अर्कहॅम असायलम, माफिया २, बॉर्डरलँड्स २ अशा खेळांतले फिजएक्सचे, म्हणजे वस्तू पडण्या-फुटण्याचे, जे गणित ग्राफिक्स कार्डाने करायचे, ते प्रोसेसरच्या गळ्यात पडले. मिरर्स एजमध्ये गोळी लागून काचेचे तावदान फुटले की त्याच्या तुकड्यातुकड्याचा हिशेब करता करता चित्र जवळजवळ थिजून जाई. दशकापूर्वीचे जुने कार्ड मात्र तीच काच विनातक्रार फोडून दाखवी. बोभाटा झाल्यावर डिसेंबरात ती सोय निवडक खेळांपुरती परत मिळाली. तोवर ज्याने आयुष्यातले सर्वांत महाग कार्ड विकत घेतले, त्याच्याच वाट्याला सर्वांत मंद चित्र आले होते.

डॉसच्या काळाविषयी फारसे लिहावे असे मला वाटत नाही. त्या काळातले दुखणे उलट जातीचे होते: कित्येक खेळांची गती प्रोसेसरच्या गतीला बांधलेली असल्याने नव्या यंत्रावर ते सुसाट धावत, आणि म्हणूनच डब्यावर टर्बो नावाचे एक बटण असे, ज्याच्या नावात वेग असला तरी त्याचा खरा उपयोग यंत्राचा वेग उतरवण्याकडे होई. त्या रोगावर डॉसबॉक्सने कायमचा उतारा दिला, आणि तो विषय संपला.

माझा जीव गुंतलेला आहे तो त्यानंतरच्या दशकात, ढोबळमानाने १९९८ ते २००८ या वर्षांत, जेव्हा घरोघरी असेंबल केलेला संगणक आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे आला. कॅफेच्या दारात पाऊल ठेवताच मुले विचारीत, "काका, याच्यात कार्ड आहे की ऑनबोर्ड?" आणि त्या उत्तरावर पुढल्या तासाचे सुखदुःख अवलंबून असे. रोड रॅश कुठेही चाले. पण प्रोजेक्ट आयजीआयमधल्या तळावर दुर्बिणीतून पाहताना, किंवा नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंडमधल्या ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे उमटताना ऑनबोर्ड चिपची जी दैना होई, ती पाहून पोरे एकमुखाने "डिटेल लो कर, शॅडो बंद कर, ६४०-४८० वर आण" असा सल्ला देत, आणि धुकट, चौकोनी, सावल्यांवाचून उघडेबोडके झालेले ते जग शेवटी हलू लागले की कोण आनंद होई! दर सेकंदाला पंचवीस चित्रे मिळाली तर आम्ही ती श्रीमंती समजत असू.

त्या दारिद्र्यातून एक विद्या जन्मली. पिक्सेल शेडर नसलेल्या कार्डावर जो खेळ मुळी सुरूच होत नसे, त्याला थ्रीडी-अनालाइझ नावाच्या इवल्याशा प्रोग्रामने फसवून, 'या यंत्रात सारे काही आहे' अशी खोटी ग्वाही देऊन, कसाबसा चालता केला जाई. सातवी-आठवीतली मुले, ज्यांना शाळेतल्या संगणकाच्या तासाला केवळ पेंट आणि वर्ड शिकवले जाई, ती डायरेक्टएक्सची आवृत्ती, ड्रायव्हरचा क्रमांक आणि व्हर्च्युअल मेमरीचा आकार यांविषयी एखाद्या मुरलेल्या कारकुनाच्या अधिकाराने बोलत. आणि डिजिट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीतला नवा ड्रायव्हर हातोहात फिरे. ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती, म्हणूनच ती इतकी पक्की बसली.

जुना हिशेब चुकता करायचा तर तो दोघांशी करावा लागेल. पहिला, लॅमिंग्टन रोडवरचा तो दुकानदार, ज्याने 'चौसष्ट एमबी ग्राफिक्स' अशी बिलावर टीप लिहून माझ्याच रॅममधले चौसष्ट एमबी मला नव्याने विकले आणि फिर्याद घेऊन गेल्यावर, "गेम खेळायला घेतला होता का? मुलांच्या अभ्यासाला म्हणालात ना?" असे विचारून मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. दुसरे, त्या काळचे परीक्षक, जे इथे कोणाच्याही घरी नसलेल्या कार्डांवर खेळांची परीक्षा करीत आणि चित्र अडखळते म्हणणाऱ्या वाचकाला ठरीव उत्तर देत की, नवे कार्ड घ्या. नवे कार्ड घेणे हाच सर्व रोगांवरचा उपाय, ही जी समजूत त्यांनी रुजवली, तिचे खोटेपण आज त्याच दशकातले खेळ सिद्ध करीत आहेत.

कारण त्या दशकाचे खेळ भविष्याविषयी काही गृहीते धरून लिहिले गेले, आणि ती गृहीते एकामागून एक ढासळली. थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू कार्डांची ग्लाइड नावाची स्वतंत्र भाषा होती. २००० च्या डिसेंबरात कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली आणि ती भाषा बोलणारे खेळ एका रात्रीत पोरके झाले. २००५ मध्ये घरगुती यंत्रांत दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले, आणि ज्या खेळांनी काळ मोजण्यासाठी एकाच गाभ्याच्या घड्याळावर विश्वास टाकला होता, त्यांत दोन घड्याळे जुळेनाशी होऊन पात्रे झटके देत धावू लागली. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन खेळाला एकाच गाभ्यावर डांबून ठेवण्याची युक्ती तेव्हाची, आणि ती आजही लागू पडते. २००७ च्या क्रायसिसचा बहुतेक भार एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच गाभ्यावर, टाकलेला आहे, जणू प्रोसेसरांची गती अखंड वाढतच जाणार होती. गती तर ४ गिगाहर्ट्झच्या अलीकडे बराच काळ कुंठित राहिली आणि वाढत गेली ती गाभ्यांची संख्या. म्हणून आजच्या सोळा गाभ्यांपैकी बहुतेक गाभे रिकामे बसतात आणि एकटा एक घाम गाळीत राहतो.

तथापि या साऱ्यांत मला सर्वांत बोधप्रद वाटते ते फिअर या २००५ च्या खेळाचे प्रकरण. नव्या यंत्रावर तो प्रथम झकास चालतो आणि मग, खेळणाऱ्याने काहीही न केले तरी, हळूहळू मंदावत जातो. लोकांनी कार्डे बदलली, सावल्या बंद केल्या, रेझोल्यूशन उतरवले, गुण नाही. अखेर एका हौशी माणसाने शोधून काढले की दोष चित्रात नसून माउस-कीबोर्डात आहे: आजची ही उपकरणे विंडोजच्या दप्तरी एकेकटी असूनही अनेक नावांनी हजेरी लावतात, आणि हा खेळ त्यांच्यासाठी त्याच त्या नोंदी पुनःपुन्हा करीत सुटतो, इतक्या की त्या नोंदींच्या ओझ्याखालीच त्याचा श्वास कोंडतो. उपाय काय? डीइनपुट८ या नावाची एक चिमुकली डीएलएल फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये टाकायची, की ती त्या नोंदी मधल्यामध्ये अडवते. हजारो रुपयांचे कार्ड जे करू शकले नाही, ते काही किलोबाइटांनी केले.

त्या दशकानंतरच्या वर्षांनी मला कंटाळाच दिला. ती कन्सोलवरून घाईघाईने उतरवलेल्या खेळांची आणि खेळ सुरू करण्याआधी परवानगी मागणाऱ्या सर्व्हरांची वर्षे होती. २००८ च्या अखेरीस पीसीवर आलेला जीटीए ४ हा त्यांचा अग्रदूत: चांगल्या यंत्रावरही रखडणारा, आणि पुढे यंत्रे सुधारून तो वेगाने पळू लागला तेव्हा शेवटच्या मोहिमेत हेलिकॉप्टरला लोंबकळलेल्या नायकाला वर चढू न देणारा, कारण बटण दाबण्याचा हिशेब दर सेकंदाच्या चित्रसंख्येला बांधलेला होता. तेथे सोपा उपाय म्हणजे चित्रसंख्या मुद्दाम तीसवर आणणे. जीटीए: सॅन अँड्रियासमध्येही पंचविसांच्या आसपासची मर्यादा निर्मात्यांनी घातली होती, ती उठवली की पाण्यात पोहणाऱ्या सीजे या नायकाचे हात जड होतात. मंदपणाइतकाच अतिवेगही विकार आहे, हे या खेळांनी शिकवले. म्हणून जाणकार आधी रिव्हाट्यूनरसारख्या साधनाने चित्रसंख्येला लगाम घालतात आणि एकेक चित्र किती मिलिसेकंदांत उमटते ते पाहतात. साठ चित्रे उमटूनही त्यांतली दोन उशिरा आली तर डोळ्याला ठेच लागतेच.

आजचे उपाय सांगायचे तर ते बहुतेक दुभाष्याचे काम करतात. डीजीव्हूडू २ हा ग्लाइड आणि जुन्या डायरेक्टएक्सची बोली नव्या डायरेक्टएक्समध्ये उतरवतो. डीएक्सव्हीके हा लिनक्सवर विंडोजचे खेळ चालावेत म्हणून जन्मला. तो डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कन या दुसऱ्या बोलीत उतरवतो, आणि विंडोजवरही जीटीए ४ सारख्या खेळाचा श्वास मोकळा करतो. इंटेलने २०२२ मध्ये आपली आर्क कार्डे आणली तेव्हा त्यांवर डायरेक्टएक्स ९ चे खेळ इतके मंद चालत की त्या बलाढ्य कंपनीलाही आपल्या ड्रायव्हरमध्ये याच दुभाष्याचा आश्रय घ्यावा लागला. लॅपटॉपवाल्यांनी त्याआधी एवढेच पाहावे की खेळ प्रोसेसरमधल्या किरकोळ चिपवर तर चालत नाही ना, आणि जुना खेळ हलका समजून कार्ड अर्धवट झोपेत तर राहत नाही ना. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन उच्च क्षमतेचा पर्याय निवडला की निम्म्या तक्रारी तेथेच निकालात निघतात.

या कामात ज्यांनी हयात घालवली, त्यांत सायलेंट या टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरचा उल्लेख टाळता येणार नाही. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि सॅन अँड्रियासमधले स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे विमान नाहीसे झाले. त्याने माग काढला तेव्हा असे आढळले की मालिकेतल्या आदल्या खेळात स्किमरची नोंद होडी म्हणून होती, ती विमान म्हणून बदलताना चाकांच्या मापाचे आकडे भरायचे राहून गेले. खेळ त्या रिकाम्या जागी मेमरीत आधीच पडलेले आकडे वाचून वर्षानुवर्षे भागवीत होता, आणि विंडोजने ती जागा निराळ्या रीतीने वापरताच विमान अदृश्य झाले. कोट्यवधींचा धंदा केलेल्या खेळाची ही चूक सुधारली एका माणसाने, विनामूल्य, खेळ निघाल्यानंतर वीस वर्षांनी.

आणि मालकांनी काय केले? २०२१ मध्ये रॉकस्टारने सॅन अँड्रियाससह तीन जीटीए खेळांच्या त्रयीची नवी आवृत्ती आणताना जुनी आवृत्ती विक्रीतूनच काढून टाकली. नवी इतकी सदोष निघाली की माफी मागून जुनी आपल्या दुकानात परत मांडावी लागली. मालकी आमची, दुरुस्ती तुमची, आणि तुम्ही दुरुस्त केलेले आम्हीच बाजारातून उठवणार, असा हा कारभार आहे.

दुसरी रीत अशक्य नाही, हे आयडी सॉफ्टवेअरने दाखवून दिले आहे. त्यांनी १९९७ मध्ये डूमचा, १९९९ मध्ये क्वेकचा आणि २००५ मध्ये क्वेक ३ चा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला. डूम मुळात सेकंदाला पस्तीस चित्रांवर बांधलेला होता. आज तो हव्या त्या यंत्रावर, हव्या त्या चित्रसंख्येने चालतो, आणि त्यासाठी कोणाला फसव्या डीएलएल घालाव्या लागत नाहीत, की गाभे बंद करावे लागत नाहीत. म्हणून माझी दरखास्त साधी आहे: ज्या कंपनीला आपला जुना खेळ नव्या यंत्रांवर धड चालता ठेवण्याची तसदी घ्यायची नसेल, तिने त्याचे चित्र, संगीत आणि नाव आपल्याकडे खुशाल ठेवावे, पण ज्या दिवशी आधार बंद केल्याचे जाहीर करील त्याच दिवशी त्याचे इंजिन लोकांच्या हवाली करावे. दुरुस्ती करणारी माणसे आजही आहेत, आणि आजवर त्यांनी कोणाकडे पगार मागितलेला नाही.