समुद्राला वीसपट शिसे चालते?

दरवर्षी 20 मार्चला यवतमाळ जिल्ह्यातून आपले शेकडो बांधव महाडला जातात, चवदार तळ्याला वंदन करून परततात. महाडच्याच अंगाने सावित्री नदी वाहते, तिच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. रासायनिक कारखान्यांचा हा परिसर ओलांडून ती बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते.

"आपल्याला समुद्राशी काय घेणे?" असे वणीच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला विचारले. घेणे आहे. वणीची निर्गुडा वर्धेला मिळते. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते.

मैला कुजतो. शिसे, कॅडमियम, पारा कुजत नाहीत. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि त्यांच्यासोबत हे धातूही. त्याच चिखलात खेकडे आणि कालवे वाढतात. ठाणे खाडीतील पाऱ्याबद्दल संशोधकांनी 1981 सालीच लिहून ठेवले आहे. जपानमध्ये मिनामाताचा आजार 1956 साली उघड झाला; कारखान्यातला पाराच त्याला कारण आहे, हे सरकारने मान्य करायला 1968 उजाडले. तोवर मासे खाणारी गरीब कोळी कुटुंबेच मरत होती.

आता आपला कायदा पाहा. पर्यावरण (संरक्षण) नियम 1986, अनुसूची 6. नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम शिसे चालते. सार्वजनिक गटारात 1 मिलिग्रॅम. समुद्रात 2 मिलिग्रॅम. म्हणजे नदीच्या वीसपट! गटारात दहापट, आणि त्या गटारात कोणत्या जातीचा माणूस उतरतो हे या वाचकांना सांगायला नको. शिवाय माप लिटरमागे. लाख लिटर सोडणारा आणि कोटी लिटर सोडणारा एकाच आकड्यावर सुटतो. तळाच्या गाळात किती साचले, याला त्या अनुसूचीत मर्यादाच नाही.

तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने तिथल्या कारखान्यांवर आणि सामायिक प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. मच्छीमारांच्या संघटनेने हे केले, आपल्याकडे तर वकिलांची फौज आहे.

पुढच्या 20 मार्चच्या आधी प्रत्येक तालुक्यातून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकाराचा एक अर्ज जाऊ द्या. सावित्रीच्या पाण्याचे आणि गाळाचे धातू तपासणी अहवाल मागा. वणीकरांनी निर्गुडेचेही मागावेत. फी 10 रुपये आहे. मसुदा मी यवतमाळच्या कोर्टात भेटेल त्याला देईन.