वाकळ, ट्रॉली आणि सतरा नंबरचा फॉर्म

नऊवार लुगडं म्हणजे २७ फूट कापड. त्याची चौपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबी मिळते, उंच माणसाचे पायही आत राहतील एवढी. पन्हा मात्र चार फुटांच्या आसपास, त्यामुळे दोघांच्या वाकळीला दोन लुगडी शेजारी शेजारी टाकावी लागतात. माझ्या थोरलीने हा हिशेब ओसरीवर गुडघे टेकून, वितीने मोजत केला. पाहुणे विचारतात, ‘हिला भागाकार येतो का?’ तेव्हा मी वहीऐवजी वाकळ पुढे करते.

आम्ही सणसरच्या अलीकडे, बारामती-इंदापूर रस्त्याला राहतो. दोन्ही मुलं घरीच शिकतात. मी स्वतः डीएड आहे, शाळेशी माझं वैर नाही. पण सकाळी सातला पिवळी गाडी, संध्याकाळी पाचला परत, की लगेच ट्यूशन. पोरगी घरात राहते की गाडीत, हेच कळेना. एका मे महिन्यात आम्ही नवराबायकोने ठरवलं आणि जूनमध्ये नाव काढलं. माहेरी चार महिने अबोला होता, तो विषय इथेच सोडते.

घरी शिकवायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फळा, वेळापत्रक आणि छडी घेतलेली आई येते. आमच्याकडे सकाळचा दीड-दोन तास वाचन-लेखन-गणित होतं. बाकी दिवस घराचा आणि शेताचा. उन्हाळ्यात तो बहुतेक वाकळीचा असतो.

वाकळ शिवण्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पटाईत. आधी खालचं अस्तर जमिनीवर ताणून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. त्यावर जुनी धोतरं, लुगडी, फाटक्या चादरी असे पदर. प्रत्येक पदर तळहाताने मधून कडेकडे सारत बसवायचा, नाहीतर पुढे झोळ येतो आणि आलेला झोळ उसवल्याशिवाय जात नाही. मग वरचा पदर, त्यावर ठिगळांची नक्षी. सगळं जागेवर राहावं म्हणून लांब लांब कच्चे टाके. त्यानंतर खरा धावदोरा: काठापासून सुरू करून चौकटीत चौकट काढत आत आत मध्यापर्यंत, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. धाकट्याचं काम सुईत दोरा ओवण्याचं, कारण आत्याबाईंना आता नेढं दिसत नाही. नातू समोर असला की त्यांचं तोंडही सुईबरोबर चालतं.

आमचा इतिहास असा टाक्याटाक्याने होतो. एका वाकळीत विटकरी रंगाचं जाड लुगडं आहे, ते आत्याबाईंच्या आईचं. त्यांचं माहेर भीमेकाठी, पळसदेवकडचं. उजनी धरण १९८०मध्ये पुरं झालं आणि नदीकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. हे लुगडं नेसून ती माउली नव्या जागी आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. आम्ही मुलांना ते दाखवून आणलं. धाकट्याने तिथे विचारलं, ‘मग आजीचं घर कुठल्या बाजूला?’ आत्याबाईंनी पाण्याकडे बोट केलं. धरण म्हणजे काय, कालवा कुणाला मिळाला आणि जमीन कुणाची गेली, यावर घरी आठवडाभर वाद चालला. आमचा ऊसही धरणाच्याच पाण्यावर उभा आहे, हे थोरलीने लगेच पकडलं.

भूगोलाचंही तसंच. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून आमच्याच रस्त्याने जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला घोड्यांचं. त्यानंतर आठ-दहा दिवस आमच्या अंगणात रिंगणच चालू असतं. घोडा म्हणजे काठी आणि पायघड्या म्हणजे माझी वाळत घातलेली धुणी.

इथे माझं एक ठाम मत आहे, आणि आमच्यासारख्या घरी शिकवणाऱ्या आयांना ते फारसं रुचत नाही. हल्ली प्रत्येक खेळाच्या पोटात धडा भरायची हौस आली आहे. सागरगोट्यांत हस्तनेत्र समन्वय, भातुकलीत सामाजिक कौशल्य. असेलही. पण ते पोरांना सांगायचं कशाला? आमच्याकडचा आवडता खेळ ‘कारखाना’. आगपेटीच्या ट्रॉल्या, त्यांना संपलेल्या रिळांची चाकं, ज्वारीच्या धाटांचा ऊस. (आगपेट्यांतून विज्ञान शिकवणारे पुण्याचे अरविंद गुप्ता आम्हाला नंतर भेटले, तेही त्यांच्या पुस्तकांतून, पोरांनी ट्रॉली त्याआधीच जोडली होती.) एक जण काट्यावर बसतो, एक मुकादम होतो आणि चिंचोक्यांची उचल वाटतो. एकदा शिक्षक असलेले पाहुणे आले. त्यांनी प्रेमाने विचारलं, ‘एका ट्रॉलीत आठ टन, तर पाच ट्रॉल्यांत किती?’ थोरलीने ‘चाळीस’ सांगितलं आणि खेळ तिथेच मोडला. खेळात मोठ्यांनी नाक खुपसू नये, एवढंच माझं बालमानसशास्त्र.

ही वाट काही आमची नवी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. पानं, बिया, शंखशिंपले हीच त्यांची साधनं. मुलं अंगणवाडीत येईनात तर अंगणवाडी पाड्यावर गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. फरक एवढाच, की ज्यांच्यापर्यंत शाळा पोचली नव्हती त्यांच्यासाठी त्या बायका झिजल्या. मी मात्र दाराशी आलेली शाळा नाकारली आहे.

हा फरक मला दर हंगामात टोचतो. गाळप सुरू झालं की बीड-नगरकडच्या टोळ्या येतात, भवानीनगरच्या कारखान्याचा ऊस तोडायला. शेताकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांच्या ट्रॅक्टरवरही वाकळी असतात, आमच्यापेक्षा जाड. कोप्यांवरची एक मुलगी आमच्या अंगणात खेळायला येते तेव्हा मुकादम तीच होते, कारण खरा मुकादम कसा बोलतो हे तिलाच ठाऊक. आईबाप फडात असताना धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती स्वयंपाक करते. त्याला घरशिक्षण म्हणू नये. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, तरी ज्याच्या कडेवर भाऊ आहे त्याने शाळेत बसायचं कसं? माझ्या मुलांना शाळा सोडता आली, कारण घरात डीएड झालेली आई, पुस्तकं आणि पोटभर जेवण होतं.

मुलं शाळेत नाहीत म्हणून बायका हळूच विचारतात, ‘शिक्षणखात्याचे साहेब आले तर?’ शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं तो सांगतो. पण न घातल्यास पालकाला शिक्षा त्यात नाही, आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी येतात. मी चहा करते, वह्या दाखवते, ते नोंद करून जातात.

दुसरी चिंता सर्टिफिकेटची. मुंबईच्या मालविका जोशीची बातमी मला अजून कुणी ना कुणी पाठवतं. २०१६मध्ये ती दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय, संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. कौतुकच आहे. पण आपलं पोर मालविका नसलं तर, हा विचार आधी करावा. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. राज्यानेही मुक्त विद्यालय मंडळ काढलं आहे, आणि बाहेरून दहावीला बसायचा आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. तेव्हा नाव काढणार असाल तर शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या आणि जन्मदाखल्यासोबत कपाटात ठेवा. फॉर्म भरताना तोच पहिला मागतात, आणि हरवला तर प्रतिज्ञापत्रासाठी तहसीलला खेटे घालावे लागतात.