ऋतूंच्या खुणा : तेरा वळ्यांचा सुरवंट

निफाडच्या द्राक्षबागांत कडाक्याची रात्र आधी कशी ओळखतात, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्येच अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून एका आजींचं पत्र आलं, आणि त्यांच्या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देऊन भागेना. त्या मुलाकडे राहायला गेल्या आहेत. शेजारणीने अंगणातला सुरवंट दाखवून त्यांना सांगितलं, ‘याच्या अंगावर काळा रंग बराच आहे, यंदा थंडी कडक पडणार.’ आजी विचारतात, कावळ्याच्या घरट्यावरून आपण पावसाळा जोखतो, त्यातलंच का हे?

हा सुरवंट माझा फार लाडका. तिकडे त्याला ‘वुली बेअर’ म्हणतात. आपल्या सोयाबीनवर, सूर्यफुलावर पडणारी केसाळ अळी त्याच्याच कुळातली. दोन्ही टोकांना काळे आणि मधे तांबूस केस. अंगाची वळी तेरा, आणि लोकांच्या हिशेबात हिवाळ्याचे आठवडेही तेरा. तांबूस पट्टा रुंद तर थंडी सौम्य, काळा भाग जास्त तर कडक. डोक्याकडे काळं जास्त असेल तर सुरुवातीचे आठवडे वाईट, शेपटीकडे असेल तर शेवटचे. नॉर्थ कॅरोलायनातल्या बॅनर एल्क गावात 1978 पासून याचा उत्सव भरतो. उभ्या दोऱ्यांवर सुरवंटांची शर्यत लावतात आणि जिंकणाऱ्याच्या एकेका वळ्यावरून एकेका आठवड्याचं भाकीत सांगतात. आजींच्या ओहायोतही 1973 पासून असा उत्सव आहे. तो सुरू केला क्लीव्हलँडच्या दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्या डिक गोडार्ड यांनी.

समजूत जुनीच, पण तिला देशभर नाव मिळालं ते डॉ. हॉवर्ड करन यांच्यामुळे. ते न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात कीटक विभागाचे अभिरक्षक होते. 1948 च्या शरदात ते पत्नीसह शहराच्या उत्तरेला सुमारे 65 किलोमीटरवरच्या बेअर माउंटनला गेले, सुरवंट गोळा केले, तांबूस वळी मोजली आणि एका वार्ताहरामार्फत हिवाळ्याचं भाकीत छापून आणलं. 1956 पर्यंत हा क्रम चालला. तांबूस वळ्यांची सरासरी 5.3 ते 5.6 यांच्या दरम्यान, म्हणजे तेरापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त येत गेली. हिवाळेही सौम्य गेले. पण दर वर्षी हातात आलेले सुरवंट मोजकेच होते. तेवढ्यावरून नियम बांधता येत नाही, याची स्वतः करन यांनाही कल्पना होती.

खरी अडचण सुरवंटाच्या वाढीतच आहे. तो वाढताना अनेकदा कात टाकतो, आणि प्रत्येक कातीला काळा भाग घटून तांबूस वाढतो. म्हणजे पट्ट्यात आधी दिसतं ते वय. वसंत लवकर आला, खायला भरपूर मिळालं, तर शरदापर्यंत सुरवंट मोठा झालेला असतो आणि पट्टा रुंद दिसतो. ओलसर जागी वाढलेल्यांत काळं जास्त राहतं. त्यामुळे एकाच अंगणातले दोन सुरवंट दोन वेगवेगळी भाकितं सांगतात. शिवाय पूर्ण काळा सुरवंट पाहून लोक धास्तावतात, तो तर बहुधा दुसऱ्याच जातीचा असतो.

तेव्हा आजी, हा सुरवंट येणारा हिवाळा सांगत नाही, सरलेला वसंत आणि उन्हाळा सांगतो. झाडाझुडपांच्या, किड्यांच्या शरीरावर दिसणाऱ्या किती तरी खुणांना मी हीच कसोटी लावतो: ही खूण घडली कधी, आणि कशामुळे? आकाशाच्या खुणांचं तसं नसतं. सांजेला धूर वर न चढता शिवारावर आडवा पसरला, वारा पडला, आभाळ निरभ्र राहिलं, तर जमिनीची ऊब रात्रभर निघून जाणार. इथे कारण आणि परिणाम यांच्यात काही तासांचंच अंतर आहे.

पण हिवाळ्याशी या सुरवंटाचं जे खरं नातं आहे ते मला भाकितापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. बरीच फुलपाखरं-पतंग थंडी अंड्यात किंवा कोषात काढतात. हा अळीच्याच रूपात काढतो. शरदात रस्त्यांवरून लगबगीने धावणारे सुरवंट पालापाचोळ्याखाली किंवा ओंडक्याखाली जागा शोधत असतात. तिथे अंगाचं वेटोळं करून ते पडून राहतात आणि अक्षरशः गोठतात. पेशींबाहेरच्या द्रवाचा बर्फ होतो. पेशींच्या आत मात्र ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठलेली असतात, ती आतला भाग गोठू देत नाहीत. वसंतात बर्फ वितळतो, सुरवंट चालू लागतो, थोडं खातो, स्वतःच्या केसांचा कोष विणतो आणि पिवळसर पतंग होऊन बाहेर पडतो.

म्हणून घरातल्या मुलांना तो पाळायचा असेल, तर उबदार खोलीत ठेवू देऊ नका. तिथे तो अवेळी कोष करील, आणि भर हिवाळ्यात निघालेल्या पतंगाला बाहेर जोडीदार मिळणार नाही. डब्यात सुका पाला आणि एखादी काटकी घाला, झाकणाला भोकं पाडा आणि डबा बाहेर, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. मार्चपर्यंत उघडू नका.