चाकूआधी चित्र

बुलढाणा जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की गर्भारपण आठवतं आणि पाठोपाठ भिंतीवरची ती पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे इथे ८५५ मुली होत्या. या यंत्रावर कायद्याची नजर राहिली ती उगाच नव्हे. पण पाळी गेलेल्या बाईशी याच यंत्राचा काही संबंध असतो, हे मात्र घराघरांत पोचलेलं नाही. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. आधी ओवा, मग गॅसची गोळी, आणि तीन आठवडे सहज जातात. अंडाशयाचा कर्करोग बहुतेकदा पोटभर पसरल्यावरच कळतो, त्याचं एक कारण या साध्या तक्रारींत आहे.

मग गावोगाव सोनोग्राफीची शिबिरं घ्यावीत का? कल्पना मनाला पटते, पुरावा मात्र उलटा आहे. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला; त्यांतल्या निम्म्यांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. २०२१मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. चित्राचा खरा उपयोग त्रास असलेल्या बाईला, आणि तोही शस्त्रक्रियेआधी. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत नुसती पाण्याची पिशवी दिसली तर ती बहुधा निरुपद्रवी. आत घट्ट भाग, त्यात रक्तप्रवाह, पोटात पाणी दिसलं तर संशय बळावतो. तरीही उलगडा होत नसेल, तर एमआरआय. अशा गाठीत सुई घालून तुकडा काढणंही शक्यतो टाळतात. कारण अंडाशयापुरती असलेली कर्करोगाची गाठ सुईनं किंवा काढताना फुटली, की पहिल्याच टप्प्यातली तिची पायरी ‘१-अ’वरून ‘१-क’वर जाते, रोग तोच, पण माणसाच्या हातानं वाढलेला. म्हणून संशयाची गाठ तालुक्याच्या गावी घाईनं काढून टाकण्यापेक्षा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाची किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरणं शहाणपणाचं.

‘एवढ्या लांब जायचं, वर सीटी स्कॅनचा खर्च, आणि शेवटी पोट उघडायचंच ना?’ हा प्रश्न रास्त आहे. पण आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हे ठरवायला सीटी लागतोच: रोग ओटीपोटात थांबला आहे, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर गेला आहे, की यकृताच्या आत किंवा छातीत पोचला आहे? त्यालाही मर्यादा आहेच. मोहरीएवढे दाणे आतड्यावर विखुरलेले असले तर सीटीला ते बरेचदा दिसत नाहीत; शस्त्रक्रियेत डोळ्यांनी पाहून आणि तुकडे तपासूनच टप्पा पक्का होतो.