माध्यमिक शाळेतील प्रवेश आणि एडीएचडी असलेला विद्यार्थी : शालेय साहाय्याचा विचार

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक मुले सातवीपर्यंत गावातील जिल्हा परिषद शाळेत शिकतात आणि आठवीसाठी मोठ्या गावच्या हायस्कूलमध्ये दाखल होतात. या बदलाची चर्चा बहुधा अंतर, एस.टी.चा पास व गणवेश यांपुरती मर्यादित राहते. वस्तुतः खरा बदल वर्गात घडतो. प्राथमिक शाळेत दिवसाचा बराचसा काळ मूल एकाच शिक्षकाच्या नजरेखाली असते. हायस्कूलमध्ये तासाची घंटा झाली की शिक्षक बदलतो. बहुसंख्य विद्यार्थी थोड्याच अवधीत रुळतात. परंतु अवधान त्रुटी अतिक्रियाशीलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याला पूर्णपणे ओळखणारी व्यक्तीच शाळेत उरत नाही. या टप्प्यावर शाळेने द्यावयाच्या साहाय्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विकाराचे स्वरूप

एडीएचडी असलेल्या मुलास लक्ष देताच येत नाही, असा समज रूढ आहे. क्रिकेटचा सामना तीन तास पाहणाऱ्या मुलाचे गणिताच्याच तासाला लक्ष कसे उडते, हा पालकांचा व शिक्षकांचा प्रश्न याच समजातून येतो. प्रत्यक्षात उणीव असते ती नियमनाची. लक्ष कोठे द्यावे, किती वेळ टिकवावे, कृती केव्हा थांबवावी यांवरील ताबा त्याला वयाच्या मानाने कमी असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील निकषांनुसार काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात व ती शाळा, घर अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. निदान हे तज्ज्ञाचेच काम होय. शिक्षकाने ते करू नये. मात्र शिक्षकाच्या निरीक्षणावाचून ते नीट होऊही शकत नाही.

फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यकाची जाडी कमाल मर्यादेस पोहोचण्याचे मध्यक वय इतर मुलांत सुमारे साडेसात, तर एडीएचडी असलेल्या मुलांत सुमारे साडेदहा वर्षे आढळले. यावरून एखाद्या विशिष्ट मुलाविषयी अनुमान काढता येत नाही. तथापि विकासाच्या या विलंबाकडे पाहता ‘आता तू मोठा झालास’ हे वाक्य किती निरुपयोगी आहे, हे ध्यानी येते.

कुमारवयात आणखी एक फसवी गोष्ट घडते. बाकावरून उठणे, धावणे अशी उघड चंचलता ओसरू लागते. वही विसरणे, काम अर्धवट सोडणे, वेळेचा अंदाज चुकणे हे मात्र राहते. चौथीत ‘खोडकर’ ठरलेला मुलगा आठवीत ‘आळशी’ ठरतो तो यामुळे. मुलींच्या बाबतीत तर अनेकदा चंचलता प्रारंभापासूनच दिसत नाही. खिडकीकडे पाहत शांत बसलेल्या मुलीबद्दल कोणाचीच तक्रार नसते आणि म्हणून तिचे निदानही होत नाही.

हरवणारी माहिती

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ व ‘वर्तणूक’ असे रकाने असतात. त्यांत ‘समाधानकारक’ व ‘चांगली’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. सद्हेतूने लिहिलेले हे दोन शब्द सात वर्षांचा अनुभव पुसून टाकतात. या मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, फळ्याजवळ उभे करून उदाहरण सोडवून घेतले तर जमते, हे प्राथमिक शिक्षकास ठाऊक असते. नव्या शाळेत ते पोहोचत नाही. तेथे आठ शिक्षक आठ स्वतंत्र तक्रारी नोंदवतात. प्रत्येकास दिसणारा दोष किरकोळ असतो, पण त्यांची बेरीज कोणीच करत नाही.

कायद्याचा आधारही पुरेसा स्पष्ट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. दोन्ही स्थिती एकाच मुलात आढळणे असामान्य नाही, म्हणून अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घेणे हितावह ठरते. शिक्षण हक्क कायद्याचे, २००९, संरक्षण तर आठवीपर्यंतच आहे. दहावीचा निकाल उंच राहावा म्हणून नववीतच विद्यार्थी गाळण्याची प्रवृत्ती ज्या शाळांत आहे, तेथे सर्वप्रथम गळतो तो हाच विद्यार्थी.

साहाय्याचे स्वरूप

परंतु पुढील गोष्टींसाठी प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. वर्गशिक्षकाने प्रवेशानंतर पहिल्या आठवड्यातच पूर्वीच्या शिक्षकाशी प्रत्यक्ष वा दूरध्वनीवर बोलावे व पालकांच्या संमतीने एक पानाचे टिपण सर्व विषयशिक्षकांस द्यावे. शिक्षक-कक्षात चहाच्या वेळी होणारी चर्चा हा त्याला पर्याय नव्हे.

विद्यार्थ्याची जागा पुढे, दारापासून दूर असावी. गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहावा आणि शाळा सुटण्यापूर्वी तो वहीत उतरला आहे का, हे पाहावे. महिन्याभराचा प्रकल्प आठवड्याच्या तुकड्यांत मागावा. वह्या गोळा करणे, फळा पुसणे अशी कामे त्याच्याकडे दिल्यास हालचालीची गरज शिस्तभंगावाचून भागते. शिक्षा म्हणून खेळाचा तास काढून घेणे मात्र टाळावे. हालचालीची एकमेव अधिकृत जागा तीच असते.

यांपैकी सर्वाधिक उपयुक्त साधन म्हणजे दैनिक नोंदपत्रक. ‘वही आणली’, ‘काम सुरू केले’, ‘उत्तरापूर्वी हात वर केला’ अशी तीनच उद्दिष्टे, प्रत्येक तासानंतर शिक्षकाची खूण आणि सायंकाळी पालकांची सही. या मुलांवर सत्रअखेरच्या गुणांपेक्षा तत्काळ मिळणाऱ्या प्रतिसादाचा परिणाम अधिक होतो, हे त्यामागील कारण होय. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे कसे शक्य, असा आक्षेप रास्त आहे. परंतु एका खुणेस लागणारा वेळ त्याच मुलास रागावण्यात जाणाऱ्या वेळाहून कमीच असतो. औषधोपचार चालू असल्यास या नोंदी डॉक्टरांनाही उपयोगी पडतात.

नववीत वर्गशिक्षक बदलत असल्यास टिपण व नोंदपत्रके वर्षारंभीच नव्या वर्गशिक्षकाकडे सुपूर्द व्हावीत. पहिल्या घटक चाचणीतील गुण पाहिल्यानंतर ती शोधायला निघणे म्हणजे एक सत्र वाया घालवणे होय.