विमानाच्या चाकाचा तोल

घरीं बांधलेलें विमान ही कल्पना आपल्याकडे अद्याप नवलाचीच वाटते. अमेरिकेंत मात्र १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं मिलवॉकी येथें हौशी विमानकर्त्यांची संस्था स्थापिली, तेव्हांपासून हा छंद शिस्तीनें वाढला. तेथील नियमाप्रमाणें अशा विमानाचें निम्म्याहून अधिक काम हौशी मनुष्यानें शिक्षणासाठीं वा विरंगुळ्यासाठीं स्वतः केलेलें असावें लागतें. मुंबईंतहि अमोल यादव ह्या वैमानिकांनीं कांदिवलीस घराच्या गच्चीवर विमान बांधलें व २०१७ मध्यें त्याची सरकारी नोंदणी झाली.

अशा विमानाचे पंख व इंजिन सारे कौतुकानें पाहतात. चाकांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. आकाशांत चाक म्हणजे निव्वळ भार हें खरें. परंतु उतरतांना भूमीशीं पहिली गांठ त्याचीच पडते. म्हणून त्याविषयीं आज आम्ही चार शब्द लिहीत आहों.

लहान विमानाचें चाक बहुधा दोन अर्धांचें असतें. मध्यें टायर व ट्यूब ठेवून तीं अर्धें बोल्टांनीं आवळतात. ट्यूब चिमटूं नये म्हणून तिला आधीं टाल्कची भुकटी लावतात. टायरवर तांबडा ठिपका असतो. ती त्याची सर्वांत हलकी जागा. ट्यूबचा व्हॉल्व्हकडील भाग सहसा जड, म्हणून ठिपका व्हॉल्व्हशेजारीं आणतात. अर्धा तोल येथेंच साधतो. आंत हवा असतां मात्र हे बोल्ट कधींहि सैल करूं नयेत. कोंडलेली हवा चाक फोडून मनुष्याचा प्राण घेऊं शकते.

उरलेला तोल पाहण्याची रीत सोपी आहे. चाकांतून गुळगुळीत दांडी घालून ती दोन समपातळींतील आधारांवर ठेवावी. जड बाजू आपण होऊन खालीं येते. तिच्या समोर, वरच्या अंगास, लहान वजनें चिकटवीत जावें. चाक जेथें थांबवावें तेथेंच स्थिर राहूं लागलें, म्हणजे काम झालें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. चौदा इंच व्यासाचें चाक ताशीं १०० किलोमीटर वेगानें धांवतांना सेकंदाला सुमारें पंचवीस फेरे घेतें. त्याच्या कडेस ५० ग्रॅम वजन अधिक असेल, तर आमच्या हिशेबानें तें त्या वेगांत जवळजवळ बावीस किलोच्या भाराइतकी ओढ देतें, आणि ही ओढ दर फेऱ्यास दिशा बदलते. एका बाजूस जड झालेला भोंवरा कसा लटपटतो, हें मुलांस सांगावें लागत नाहीं. येथें मात्र त्या लटपटीवर माणसें बसलेलीं असतात.

चाक आंसावर चढविल्यावर तें फिरवीत फिरवीत नट आवळावा, म्हणजे बेअरिंग नीट बसतें. मग नट किंचित् सैल करून पुन्हां बेताचा आवळावा. चाक मोकळें फिरावें, पण डुलूं नये. शेवटीं नटांतून कॉटर पिन घालून तिचीं टोकें वळवावींत. दोन्ही चाकें समांतर आहेत कीं नाहींत, हें दोरी धरून पाहावें. फरक असल्यास आंसाच्या बुडाशीं पाचरीसारखी पातळ पट्टी घालावी. एरव्हीं टायर एकाच बाजूनें झिजतो.

चाकावर आवरण चढलें कीं ती पिन पुन्हां दृष्टीस पडत नाहीं. ती घातली कीं नाहीं, हें केवळ बांधणारा जाणतो. आणि पुढें त्याच विमानांत त्याचीं मुलेंबाळें बसतात. म्हणून शहाणा कारागीर आवरणापूर्वीं दुसऱ्या जाणत्यास बोलावून सारें काम दाखवितो. त्यांत त्यास कमीपणा वाटत नाहीं. आपल्या घरांतील मुलगा वा मुलगी एखादें यंत्र जोडीत असेल, तर "चाललें का?" ह्याआधीं "कोणास दाखविलेंस का?" असें वडील माणसांनीं अवश्य विचारावें.